सोलर शेवटी, आधी डोक्यावरचा स्लॅब बघा

शाळा-दवाखान्यासाठी सोलरचं कोटेशन मागायला कुणी दुकानात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, स्लॅब गळतोय का? समोरच्याला वाटतं ह्याला काम नकोय बहुतेक. काम पाहिजेच की राव, पण गळक्या स्लॅबला होल मारून स्ट्रक्चर उभं केलं की पहिल्याच वळवाला वर्गात बादल्या ठेवायची वेळ येते आणि मग स्लॅब टाकणारा राहतो बाजूला, शिव्या सोलरवाल्याला. तर मी कराडचा, इलेक्ट्रिकचं दुकान आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन, त्यामुळं पाटण, खटाव, कडेगाव, वाळवा ह्या पट्ट्यातल्या झेडपीच्या शाळा, हायस्कुलं, आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं इथं वायरिंग, मोटार, इन्व्हर्टर आणि आता सोलर असल्या कामांना जाणं होतं. हल्ली सगळीकडं ग्रीन शाळा, हरित दवाखाना असं चाललंय आणि ते व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सोलर पॅनल हे ह्यातलं शेवटचं काम आहे आणि आपण ते सगळ्यात आधी करतो. का करतो ते पण माहितीये सगळ्यांना. पॅनलची फीत कापता येते. स्लॅबला चुना मारला म्हणून कोण येणार आहे नारळ फोडायला?

चुन्याचंच आधी सांगतो मग. आपल्याकडच्या जुन्या शाळा आठवा, दगडी भिंती, वर कौलं, भिंतीत उंचावर झरोके, पुढं लांबलचक पडवी. मार्चमध्ये पण आत गार असायचं. मग कौलं वानरांनी फोडली, पावसात गळायला लागली, म्हणून कुठं पत्रा आला आणि कुठं एकमजली आरसीसी वर्गखोल्या आल्या, वर काहीही नाही, नुसता उघडा स्लॅब. सकाळी अकरापासून ऊन खात बसतो तो आणि दुपारी दोनला पोरांच्या डोक्यावर ओततो. खटाव-माणकडं जा, तिकडं आटपाडी-जतला जा, एप्रिलमध्ये अशा वर्गात छताला खालून हात लावून बघा (टेबलावर चढून, पडू नका), हात काढून घ्यावा लागतो. म्हणून तर सकाळची शाळा करतात. एका गुरुजींनी मला बोलावलं ते अजून फॅन टाकायला.

"दादा, वर्गात दोन आहेत, अजून दोन टाकू. पोरं घामानं भिजत्यात."

म्हटलं, "गुरुजी, फॅन गार हवा कुठून आणणार? वर तापलेली हवाच तो खाली ढकलणार. चार लावले तर डबल ढकलेल."

त्यांना पटलं नाही, मग वर नेऊन दाखवलं, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब सावलीत होता तिथं चप्पल काढून उभं राहता येत होतं आणि दोन फूट पलीकडं येत नव्हतं. तेवढं पुरलं.

पांढरा चुना म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. कळीचा चुना आणायचा, रात्रभर पाण्यात भिजवायचा (फुगतो, उकळल्यासारखा होतो, पोरांना लांब ठेवायचं आणि डोळ्याला चष्मा पाहिजेच), सकाळी गाळून घ्यायचा, त्यात थोडं फेविकॉल, आणि स्लॅब स्वच्छ झाडून दोन-तीन हात. ऊन उतरल्यावर मारायचा म्हणजे पटकन सुकून पापुद्रे निघत नाहीत. पत्र्याला चुना टिकत नाही, तिथं पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट लागतो, तो महाग पडतो पण दोन-चार वर्षं राहतो. चुना पावसात जातो हे खरंय, म्हणजे दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी परत मारायचा. पण ह्यानं आतलं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी कमी होतं, आणि दुपारी दोनच्या वर्गात तीन अंश म्हणजे किती ते शिक्षकांना विचारा. तेलंगणानं तर २०२३ साली कूल रूफचं धोरणच काढलं आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केलं. आपल्याकडं एखाद्या शाळेत गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं मनावर घेतलं तर होतं, नाहीतर नाही.

स्लॅबनंतर नंबर फॅनचा, आणि इथं मला दुकानदार असून गिऱ्हाइकाला "थांबा" म्हणावं लागतं. साधा जुना सीलिंग फॅन ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटारीचा, कमी वीज खाणारा) फॅन ३० च्या आसपास. म्हणजे फॅनमागं ४५ वॉटची बचत. आता हिशोब बघा. शाळेत फॅन दिवसाला सहा तास, वर्षाला साधारण २२० दिवस, म्हणजे एका फॅनमागं वर्षाला जेमतेम ६० युनिट वाचणार. नवीन फॅन अडीच-तीन हजाराचा, तो वसूल व्हायला पाच-सहा वर्षं जाणार. आणि तोच फॅन आरोग्य केंद्राच्या वॉर्डात किंवा डिलिव्हरी रूमच्या बाहेर लावा, तिथं तो वीस तास फिरतो, बारा महिने, रविवार नाही की दिवाळी नाही. तिथं सव्वातीनशे युनिटच्या वर वाचतात, वर्ष-सव्वा वर्षात पैसे मोकळे. फॅन तोच, कंपनी तीच, पण एकीकडं पहिल्या दिवशी बदलायचा आणि दुसरीकडं जुना जळेल तेव्हाच बदलायचा. हे कुठल्याच योजनेच्या कागदावर नसतं, तिथं नुसतं "ऊर्जा कार्यक्षम पंखे, नग इतके" असतं, आणि मग शाळेतले चालू स्थितीतले फॅन काढून अडगळीत पडतात आणि दवाखान्यात तेच घरघरणारे फिरत राहतात.

ट्यूबचं तर सगळ्यांना माहितीच आहे, जुनी ४० वॉटची पट्टी आणि वर चोक दहा-पंधरा वॉट खाणार, त्याजागी २० वॉटची एलईडी. बहुतेक ठिकाणी झालंय ते. राहिलंय ते बाथरूम, स्टोअर आणि व्हरांड्यात, जिथं लाईट रात्रभर चालू असते आणि बटण कुठंय ते कुणालाच माहिती नसतं.

पण सगळ्यात जास्त वीज कुठं वाया जाते सांगू का? मोटार. शाळा असू दे नाहीतर दवाखाना, बोअरची ३ एचपीची सबमर्सिबल चालू करून शिपाईमामा दुसऱ्या कामाला गेले, टाकी भरली, वाहायला लागली, पाणी भिंतीवरनं खाली, भिंतीला शेवाळ, त्याच पाण्यावर खाली अळू उगवलेलं. ३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॉट, आणि जुनी दोनदा रिवाइंडिंग झालेली मोटार त्याच्या वरच ओढते, एक तास जास्त चालली की अडीच युनिट गेले. तेवढ्यात दहा-बारा साधे फॅन अडीच-तीन तास फिरतात. ह्याला इलाज हजार-दोन हजाराचा वॉटर लेव्हल कंट्रोलर, टाकी भरली की आपोआप बंद. मी हे बसवायला सांगतो तेव्हा लोक म्हणतात बघू पुढच्या वेळी, आणि लाखाचं सोलर मात्र लगेच पाहिजे असतं.

बिल बघणं हा पण वेगळाच विषय आहे. शाळेचं बिल कोण बघतं? आकडा बघतात, कागद कोणी बघत नाही. महावितरणची सरकारी शाळा आणि दवाखान्यांसाठी पब्लिक सर्व्हिसेस म्हणून वेगळी कॅटेगरी आहे, बिलावर छापलेली असते, ती तिथं आहे का ते बघा आधी. जुनं कनेक्शन कधीतरी कमर्शियलमध्ये घेतलेलं असतं आणि कुणी अर्ज केला नाही म्हणून तसंच चालू राहतं. मोठ्या हॉस्पिटलांचं आणखी वेगळं. मिरजेला बघा, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचं, कर्नाटकातनं पण पेशंट येतात. तिथल्या आणि सांगलीतल्या नव्या इमारतींना पश्चिमेच्या बाजूनं अख्खी काच लावायची फॅशन आलीय. दुपारनंतरचं ऊन काचेतनं आत, आत एसी अठरावर, आणि पेशंटचे नातेवाईक स्वेटर घालून बसलेले. २०२० पासून नवीन एसी कंपनीकडनंच २४ वर सेट होऊन येतात, एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईईवाले (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) सांगतात, पण रिमोट ज्याच्या हातात त्याला बिल भरायचं नसतं. काँट्रॅक्ट डिमांड (महावितरणकडं नोंदवलेली जास्तीत जास्त मागणी) गरजेपेक्षा जास्त घेतलेली, पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती नीट कामाला येते त्याचं माप) पडलेला, तो सुधारणारं कपॅसिटर पॅनल नुसतं शोभेला. एक जाणकार माणूस दोन दिवस बसवला तरी ह्यातलं निम्मं सुटतं, त्याला एकही पॅनल लागत नाही.

झेडपी शाळेला पैसे किती येतात ते पण लक्षात घ्या. समग्र शिक्षामधनं संयुक्त शाळा अनुदान येतं ते पटावर ठरतं, ३० पटापर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. त्यातले १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वर्षभराचा खडू, रजिस्टर, दुरुस्ती आणि लाईटबिल. डोंगरातल्या वीस पटाच्या शाळेला दहा हजारात हे सगळं. बाकी लोकवर्गणी. गावानं यात्रेच्या वर्गणीतनं वर्गात मोठा टीव्ही घेऊन दिला, डिजिटल शाळेचा बोर्ड लागला, आणि बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं, आता टीव्हीवर कापड टाकून ठेवलंय, असं मी बघितलंय. आणि ही शाळा अशा गावात की मागं डोंगरावर पवनचक्क्या गरागरा फिरतायत. पाटण तालुक्यात राहून विजेसाठी रडायचं म्हणजे काय सांगायचं, खाली कोयनेचा १९६० मेगावॉटचा प्रकल्प, वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या, आणि मधल्या वाडीतल्या शाळेचं मीटर महावितरणच्या गोडाऊनला. असो, तो विषय निघाला की आमच्याकडची म्हातारी माणसं रात्रभर बोलतील.

आता सोलर. एवढं सगळं करून झाल्यावर सोलर लावा, आणि मग लागतं ते पण थोडंच. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा, आणि आपल्या भागात ते सरासरी दिवसाला ४ युनिट देतं, वर्षाला चौदाशेच्या आसपास. सात वर्गांच्या शाळेत चौदा फॅन धरले तरी बीएलडीसी झाल्यावर दिवसाला अडीच युनिट, वर लाईट, टीव्ही, कॉम्प्युटर, थोडी मोटार. दीड-दोन किलोवॉटमध्ये बसतं. पण फंड पाच किलोवॉटचा आलेला असतो म्हणून पाच बसवतात. शाळेचं आणि सोलरचं एक गमतीशीर भांडण आहे, ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा मे महिन्याची सुट्टी असते. म्हणजे पॅनल जोरात आणि वर्गाला कुलूप. त्यामुळं नेट मीटर नसेल तर शाळेवर सोलर लावण्यात फारसा अर्थ नाही. नेट मीटर असलं की जास्तीचे युनिट लाईनला जातात आणि नंतर पावसाळ्यात कामी येतात. हा हिशोब ३१ मार्चला संपतो, त्याच्या पुढं युनिट शिल्लक राहिले तर त्याचे पैसे अगदीच चिल्लर मिळतात, म्हणून पाच किलोवॉटचा हट्ट करू नका. आणि सरपंच मंडळी हमखास विचारतात ती ७८ हजाराची सबसिडी, ती पीएम सूर्यघरची, २०२४ पासून चालू आहे पण घरांसाठी आहे, शाळेला नाही मिळत. शाळेला सीएसआर (कंपन्यांचा समाजकामाचा पैसा), जिल्हा नियोजनचा निधी, नाहीतर गावच्या मुंबईवाल्यांची वर्गणी.

"डोंगरात सोलर चालत नाही, सहा महिने पाऊस आन धुकं" असं पण ऐकायला मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये जनरेशन पडतं हे खरं. पण पाटण तालुक्यातच ढेबेवाडी खोऱ्यातली मान्याची वाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, घरं सगळी सोलरवर. तो पण डोंगरच आहे. फरक एवढाच की तिथली ग्रामपंचायत बऱ्याच वर्षांपासून एक एक काम धरून तडीस नेणारी आहे, एका दिवसात पॅनल आले आणि झालं असं नाही ते.

दवाखान्याचं सोलर मात्र शाळेपेक्षा फार वेगळं, आणि इथं फसवाफसवी पण जास्त होते, मुद्दाम नाही तर न कळून. एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी मला गेटवरच धरलं.

"दादा, वर एवढं मोठं सोलर लावलंय ना? मग लाईट गेल्यावर अंधार का होतोय? परवा मोबाईलची बॅटरी धरून डिलिव्हरी केली मी."

वर बघितलं, झकास काम होतं, पॅनल एक नंबर, केबल नीट. पण सिस्टिम ऑनग्रिड, म्हणजे थेट लाईनला जोडलेली, बॅटरी नाही. ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद होतो, ते मुद्दामच तसं असतं, कारण लाईन बंद करून पोलावर चढलेल्या वायरमनला आपल्या सोलरचा करंट बसू नये. म्हणजे भर दुपारी लखलखीत ऊन असलं तरी लाईट गेली की दवाखाना बंद. सिस्टरना हे समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "मग हे बिलासाठी लावलंय, पेशंटसाठी नाही." मला उत्तर सुचलं नाही ह्यावर. दवाखान्याला हायब्रीड (लाईन गेली तरी बॅटरीवर चालणारी सिस्टिम) पाहिजे, बॅटरी पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महत्त्वाच्या लोडची वायरिंग वेगळी काढलेली पाहिजे. डिलिव्हरी रूमच्या लाईट, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, लॅबचा फ्रिज एवढंच त्या वेगळ्या डीबीवर (बोर्डवर). नाहीतर होतं काय की बॅटरीवर ऑफिसचा कूलर आणि चहाची किटली चालते आणि रात्री दोनला बाळंतीण आली की इन्व्हर्टर टीं टीं करतो.

बॅटरीचा हिशोब पण करून दाखवतो म्हणजे कळेल. बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर ६०० वॉटच्या आसपास. तीन तास चालला म्हणजे १.८ युनिट. १५० एएचच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिट, पण लेड ॲसिड बॅटरी सारखी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य लवकर संपतं, म्हणजे हातात १.८ च. एक वॉर्मर, तीन तास, दोन बॅटऱ्या खलास. बाकी एक बल्ब पण नाही. म्हणून आधी बाकीचा लोड कमी करायचा असतो, फॅन ३० वॉटचा, ट्यूब २० ची, म्हणजे बॅटरीतली वीज वॉर्मरला उरते. वीजबचत ही दवाखान्यात नुसती बिलाची गोष्ट नाहीच. छत्तीसगडमध्ये सरकारनं आरोग्य केंद्रांवर मोठ्या प्रमाणात सोलर बसवलं, त्याचा अभ्यास सीईईडब्ल्यू ह्या दिल्लीच्या संस्थेनं २०१७ साली काढला, तर सोलर असलेल्या केंद्रांत महिन्याला होणारी बाळंतपणं, विजेची बोंब असलेल्या आणि सोलर नसलेल्या केंद्रांच्या जवळपास दुप्पट निघाली. लाईट असली की माणसं तिथं येतात, साधं आहे.

लसीच्या फ्रिजबद्दल मात्र सगळे उगाच घाबरतात. तो आपल्या घरातल्यासारखा फ्रिज नसतो, आयएलआर म्हणतात, आतल्या बाजूनं बर्फाचं अस्तर असतं, लस २ ते ८ अंशात ठेवायची असते आणि लाईट गेली तरी झाकण उघडलं नाही तर तो कित्येक तास थंडावा धरतो. दिवसाला आठ तास लाईट मिळाली तरी त्याचं भागतं. त्याला बॅटरीपेक्षा चांगला स्टॅबिलायझर आणि दणकट अर्थिंग जास्त गरजेचं, कारण आपल्याकडं लाईट जाण्यापेक्षा येताना जास्त मारते. डीपीवर न्यूट्रल लूज झाला की २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्ट, आणि मग फ्रिज, पीसीबी (मशीनच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट), टीव्ही सगळं एकदम. अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा कधी भरला ते विचारा कुठंही, कुणी सांगणार नाही. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं हे पण शिपाईमामा रिटायर झाले की विसरलं जातं.

पुढचा विषय काजळी. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव, सगळा उसाचा पट्टा. गळीत हंगाम चालू झाला की कारखान्याच्या चिमणीची काजळी, आणि फड पेटवून तोडला की पाचटाची काळी राख उडत येते, घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते तीच पॅनलवर पण पडते. नोव्हेंबर ते मार्च पाऊस नाही म्हणजे धुवून पण जात नाही. त्यावर दव पडलं की चिखलाचा थर. दहा-पंधरा टक्के जनरेशन सहज जातं. धुवायचं तर सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ कापडानं, आणि शक्यतो बोअरचं क्षाराचं पाणी नको कारण त्याचे पांढरे डाग बसतात ते मग निघत नाहीत. (हाच क्षार माण-आटपाडीकडं सोलर वॉटर हीटरच्या नळ्यांत पण बसतो, दोन वर्षांत पाणी कोमट, मग लोक म्हणतात कंपनी खराब.) आता वर चढणार कोण? शाळेला जिना नाही, शिडी नाही, गुरुजींना दोन वर्ग एकत्र शिकवायचे आहेत. पोरांना वर चढवायचं नाही, अजिबात नाही. म्हणून मी आता एस्टिमेटमध्येच लोखंडी जिना आणि वर नळ धरतो. त्यानं माझं कोटेशन दुसऱ्यापेक्षा वर जातं आणि बऱ्याचदा काम दुसऱ्याला मिळतं. मिळू दे.

नदीकाठच्या गावांना अजून एक बघायला लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पॅनल वर असतात त्यांना काही होत नाही, पण इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या आपण कुठं ठेवतो तर तळमजल्याच्या स्टोअररूमला, जिन्याखाली. जनरेटर तर गेटजवळ जमिनीवरच. म्हणजे पुरात ज्या दिवशी दवाखाना चालू राहायला पाहिजे त्याच दिवशी तो पहिला बंद. त्या भागात काम असलं तर मी गावातल्या लोकांना विचारतो पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर खूण दाखवतात, त्याच्या वर तीन फूट बोर्ड. जुनं माणूस हटकून म्हणतं एवढं वर कशाला, मग शेजारचा दुसरा म्हणतो २००५ ला पण असंच म्हटलं होतं तुम्ही.

झाडांबद्दल पण दोन शब्द, मी काही त्यातला नाही तरी. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत सुरू केली, संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड, आणि आज आपल्या शाळांच्या मैदानात पेव्हर ब्लॉक. पेव्हर तापतात आणि ती झळ खिडकीतनं आत येते. वर्गाच्या पश्चिमेला लिंब, करंज अशी झाडं पाहिजेत, उन्हं कलल्यावर भिंतीवर सावली पडते. पाच जूनला लावतात सगळेच, मरतात पुढच्या मे मध्ये, कारण तेव्हा शाळेत पाणी घालायला कोण नसतं. एका ठिकाणी हँडवॉश स्टेशनचं पाणी पाईपनं चर खणून झाडांकडं नेलंय, शाळेच्या दिवसांत पोरांचे हात धुतलेलं पाणी झाडाला आणि सुट्टीत पोषण आहाराच्या ताई दोन दिवसाआड नळ सोडून जातात. त्यांची परसबाग पण तिथंच, कोथिंबीर, शेवगा, खिचडीत जातं सगळं. सोलर करताना एकच लक्षात ठेवा, झाड दक्षिणेला लावाल तर पाच वर्षांनी पॅनलवर सावली, मग कुऱ्हाड घेऊन मलाच बोलावतील.

बॅटरीचा विषय अर्धा राहिला. पॅनल पंचवीस वर्षं, बॅटरी चार-पाच. पाचव्या वर्षी पैसे कुठनं आणणार हे पहिल्या दिवशी ठरत नाही म्हणून सहाव्या वर्षी सगळं धूळ खात पडतं. दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती आहे, तिथं हा विषय आधीच नोंदवून ठेवा, आणि काम देताना पाच वर्षांच्या देखभालीच्या करारात "तक्रार आल्यावर किती दिवसात माणूस येणार" हे लिहून घ्या. पुण्या-मुंबईची एजन्सी येते, बसवते, बोर्ड लावते, आणि नंतर फोन लागत नाही. इथला माणूस असला तर निदान बाजारात भेटतो, कॉलर धरता येते.

रिपेअरीवरनं आठवलं. अशाच चौदा फॅनवाल्या एका शाळेनं आता ठरवलंय की जुना फॅन जळाला की रिवाइंडिंग करायचं नाही, त्याजागी बीएलडीसीच घ्यायचा, म्हणजे दोन-चार वर्षांत हळूहळू सगळे बदलतील आणि एकदम खर्च पण नाही. त्यामुळं आमच्या शेजारचा रिवाइंडिंगवाला माझ्यावर चिडून होता, म्हणाला माझ्या पोटावर पाय देताय शेठ. मी म्हटलं बाबा, बीएलडीसीची वाइंडिंग जात नाही पण व्होल्टेज वाढलं की पीसीबी जातो, आणि ते रिपेअर करणारा अख्ख्या कराडात सापडत नाही, कंपनी नवीन पीसीबीचे सातशे-आठशे घेते. आता तो यूट्यूब बघून पीसीबीवरचा मॉस्फेट नावाचा पार्ट बदलायला शिकलाय, गेल्या महिन्यात दोन फॅन चालू करून दिले, एक पुन्हा गेला.